छापण्यास हरकत नाही

मंगळवारी संध्याकाळी, कामावरून सुटून बसथांब्यावर उभी असताना, तिला आभाळात चूक सापडली. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी होती, टाकीच्या अंगाला चंद्राची कोवळी कोर होती, आणि ती कोर उलटी होती. वाढत्या चंद्राची कोर डाव्या अंगाला फुगीर असते. ही उजव्या अंगाला फुगली होती. तिचा हात पर्सच्या बाहेरच्या कप्प्यातल्या लाल पेनापर्यंत गेलासुद्धा. बत्तीस वर्षं मुद्रितं तपासलेला हात होता तो, चूक दिसली की डोक्याला न विचारता निघायचा. पेन हाताला लागलं आणि मग तिला कळलं की आभाळाला समास नसतो, खूण करायची कुठे? ती स्वतःशीच हसली. शेजारी पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसानं वळून बघितलं म्हणून तिनं हसू आवरलं, आणि हसू आवरता आवरता तिचं लक्ष मावळतीकडे गेलं. सूर्य नुकताच बुडाला होता, टाकीच्या खाली, उजवीकडे. तिकडचं आभाळ अजून तांबूस होतं. कोरेची उजळ बाजू नेमकी तिकडे होती, जिकडून उजेड येतो तिकडे; दुसरीकडे असेलच कशी? आभाळात काही चुकलेलं नव्हतं. डावी कोर तिच्या डोक्यात आली होती ती पाचवीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून, पान अठ्ठेचाळीस, आकृती तीन, ‘चंद्राच्या कला’. त्या पानाच्या शेवटच्या मुद्रितावर खाली कोपऱ्यात लाल शाईत लिहिलेलं होतं, ‘छापण्यास हरकत नाही’, आणि त्याखाली तिची सही होती.

दोन बस आल्या आणि गेल्या, ती चढली नाही. पुस्तकाच्या सत्तर हजार प्रती छापून, शिवून, गोदामात थप्प्या लावून ठेवलेल्या होत्या, आणि शुक्रवारी दुपारी ट्रक लागायचे होते. ह्या महिनाअखेरीला ती निवृत्त व्हायची होती. कार्यालयात तिला पाठीमागे ‘चाळणी’ म्हणत. ते तिला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. तिच्या हाताखालून गेलेल्या एकाही पुस्तकाला बत्तीस वर्षांत शुद्धिपत्र जोडावं लागलं नव्हतं. आणि त्या चाळणीतून आता एक अख्खा चंद्र निसटला होता. त्याच धड्यात तिनं काय काय पकडलं होतं, ते आता तिला एकेक आठवायला लागलं. ‘गुरु’चा उकार दीर्घ केला होता, ‘शनि’ची वेलांटी दीर्घ केली होती. मंगळाच्या अंतरातलं एक गळलेलं शून्य पकडलं होतं. ते सुटलं असतं तर मंगळ बुधाच्याही आत शिरून सूर्याच्या मांडीवर जाऊन बसला असता. आकृती तीनमधली नावंही तिनं एकेक करून तपासली होती: अमावस्या, वाढती कोर, अर्धचंद्र, पौर्णिमा, उतरती कोर. पौर्णिमेचा रफार जागेवर होता. पृथ्वीभोवती काढलेले आठ चंद्र मात्र तिनं पाहिलेच नव्हते. नावं चंद्रांना चिकटलेली आहेत एवढंच तिनं बघितलं, आणि चंद्राकडे बघायचं राहून गेलं. तिची वाचायची रीतच तशी होती. प्रत्येक ओळ दोनदा, एकदा सरळ आणि एकदा शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे, उलटी. उलटी अशासाठी की अर्थ आडवा येऊ नये. अर्थ लागला की डोळा घसरतो आणि चुकलेलं अक्षरही बरोबर वाचून मोकळा होतो. नव्यानं कामाला लागलेल्यांना ती हेच शिकवायची, अर्थाच्या नादी लागू नका. कोर टाकीच्या आड गेली तेव्हा ती तिसऱ्या बसमध्ये चढली.

घरी पोचली तर लेक आधीच आलेली होती. लेक चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला बसते. दिवसभर लोकांना विचारते, आता स्पष्ट दिसतंय की मघाशी जास्त दिसत होतं, आणि घरी आली की कुणालाही काही विचारत नाही, हा तिचा मोठा गुण. जेवायला बसल्यावर आईनंच विचारलं, सहज विचारल्यासारखं, की वाढत्या चंद्राची कोर कुठल्या अंगाची असते. लेकीच्या हातातला भाताचा डाव तसाच थांबला.

“चंद्र काय नि जेवण काय,” लेक म्हणाली, “वाढायचं उजव्या हातानं.”

आणि तिनं डाव खाली ठेवून उजवा तळवा अर्धवट वाकवला, न दिसणारा चेंडू उजवीकडून धरल्यासारखा, आणि हवेत धरून दाखवला. ते वाक्य लेकीचं नव्हतं. ते तिच्या बापाचं होतं, आणि ह्या घरात बापाची वाक्यं निघत नसत.

त्याला जाऊन अठरा वर्षं झाली. जाऊन म्हणजे वारून नव्हे, निघून. शाळेत भूगोल शिकवायचा, उंच होता, चालताना जरा पुढे झुकायचा, पृथ्वीच्या आसासारखा, असं त्याच्या वर्गातली मुलंच त्याला म्हणत आणि त्यालाही ते आवडे. मागच्या खोलीत त्यानं एकदा टेबलावरचा दिवा स्टुलावर ठेवला, बाकी सगळी खोली काळोखी केली आणि नऊ वर्षांच्या लेकीला मधे उभी करून तिच्या हातात पांढरा चेंडू दिला. हात लांब कर, चेंडू डोक्याच्या जरा वर धर, आता स्वतःभोवती डावीकडून फिर, सावकाश. ही पुढच्या खोलीत मुद्रितं घेऊन बसली होती; तिला भिंतीपलीकडून दोघांचे आवाज येत होते. चेंडूचं अर्धं अंग कायम उजळलेलंच असतं, तो सांगत होता. दिव्याच्या बाजूचं अर्धं, कधी कमी नाही की जास्त नाही. कमीजास्त होतो तो आपल्या वाट्याला आलेला भाग. अमावस्येला चंद्र कुठे जात नाही, त्याची काळोखी पाठ तेवढी आपल्याकडे असते. लेक किंचाळत होती, बाबा, कोर आली, कोर आली. तेव्हाच ते वाढायचं वाक्य जन्माला आलं असणार. मग त्यानं दारात येऊन हिलाही बोलावलं होतं. “तूही ये ना, एकदा फिरून बघ.” हिनं मान वर न करता म्हटलं होतं, हा फर्मा संपवते नि येते. फर्मा म्हणजे सोळा पानं, आणि एक संपला की शिपाई दुसरा आणून ठेवतोच. फर्मे कधी कुणाचे संपलेत? नंतर दोघं संध्याकाळी गच्चीवर जाऊ लागले. आधी जिन्यातून हाक यायची, आज शुक्र दिसतोय, ये. मग नुसतंच, येतेस का? मग हाक यायची बंद झाली, आणि ती कधी बंद झाली तेसुद्धा हिच्या ध्यानात आलं नाही, कारण न आलेल्या हाकेत शुद्धलेखनाची चूक कशी सापडणार.

आणि मग ती चिठ्ठी. एका सकाळी जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली होती. ‘मी जात आहे. शोधु नकोस. वाट बघु नकोस.’ तिनं वाचली आणि पहिली गोष्ट दिसली ती ही की शोधु आणि बघु, दोन्ही ऱ्हस्व. भूगोलाचा मास्तर झाला म्हणून काय झालं, शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ लिहायचा हे चौथीतलं पोरही सांगेल. पेन हातातच होतं. तिनं दोन्ही उकार दीर्घ केले, समासात खुणा केल्या, खाली कोपऱ्यात सवयीनं बरोबरची खूण करून आपली आद्याक्षरं घातली, आणि पेनाचं टोपण लावलं. मग तिला अर्थ लागला. हे तिनं कुणालाही सांगितलं नाही, लेकीलाही नाही. लोकांनी रडायला यावं आणि हसून परत जावं अशी ती गोष्ट होती. तो परत आला नाही. दुसऱ्या शहरात दुसरं घर केल्याचं वर्षभरानं कळलं. चिठ्ठी तिनं शब्दकोशात ठेवून दिली, ‘ह’च्या पानांत, कारण तिथे फारसं कुणी उघडत नाही.

बुधवारी सकाळी ती पुस्तकाची प्रत घेऊन साहेबांच्या खोलीत गेली. साहेब तिच्याहून दहा वर्षांनी लहान, नेहमी धुतल्यासारखे दिसणारे, आणि माणूस वाईट नव्हे. त्यांनी तिला बसवलं, चहा मागवला, पान अठ्ठेचाळीस उघडून बघितलं, पुस्तक फिरवून बघितलं, मग खिडकीकडे बघितलं, जसा काही चंद्र सकाळी दहा वाजता त्यांच्यासाठी तिथे येऊन उभा राहणार होता. चूक त्यांना दिसत नव्हती. तिनं दाखवून दिली: सूर्य डावीकडे आलाय, चंद्राच्या फेरीचे बाण उलटे फिरतायत, आणि ‘वाढती कोर’ लिहिलंय ती उतरती आहे. सगळी आकृती आरशात बघितल्यासारखी झालीय. प्रत्येक प्रतीत एक शुद्धिपत्र घालावं लागेल, ती म्हणाली, आणि पुस्तकं शुक्रवारी जाता कामा नयेत. साहेबांनी चहा ढवळला. शाळा सोमवारी सुरू होतायत, सत्तर हजार चिठोऱ्या छापणार कोण, घालणार कोण, आणि वर कोण बघतं हो आजकाल, बाई? लोक चालताना समोर बघत नाहीत. मग त्यांनी बोटानं फोनवर काहीतरी शोधलं आणि त्यांचा चेहरा उजळला. हुशार माणूस, नाही म्हणायला जागा नाही.

“बाई, पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात चंद्र असाच दिसतो,” ते म्हणाले. “म्हणजे आकृती चूक नाहीच. अर्ध्या जगात बरोबर आहे.”

“मग पुस्तकं तिकडे पाठवा,” ती म्हणाली.

साहेब हसले, पण चहाचा कप त्यांनी खाली ठेवला. मग समजुतीचा सूर लागला. महिनाअखेरीला निरोपाचा कार्यक्रम आहे, मानपत्र लिहून तयार आहे, त्यात पहिलंच वाक्य आहे की बाईंच्या बत्तीस वर्षांत एकही शुद्धिपत्र निघालं नाही. निवृत्तीनंतर आठवड्यातले दोन दिवस कामाला बोलवायचं ठरलंय, टेबल तेच राहील, खिडकीजवळचं. हे दोन दिवसांचं तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण त्या दोन दिवसांवर तिनं पुढची सगळी वर्षं टांगून ठेवली होती. लेकीचं आज ना उद्या लग्न होईल, किंवा होणार नाही पण ती जाईल, आणि मग उरलेल्या पाच दिवसांत त्या दोन दिवसांची वाट बघता येईल, असा तिचा हिशेब होता. साहेबांना हे कसं कळलं कोण जाणे. साहेब लोकांना दुखरी जागा बरोबर सापडते. “मानपत्र हवंय की शुद्धिपत्र,” ते अगदी हळू म्हणाले, “एवढं ठरवा.” आणि ती उठली तेव्हा पाठीमागून, अर्धवट गमतीनं, “तुमचे ग्रह फिरलेत, बाई.” दारापाशी ती थांबली. ग्रह फिरतातच, तिनं सांगितलं. चंद्रही फिरतो. कुठल्या बाजूनं फिरतो, तेवढंच पान अठ्ठेचाळीसवर चुकलंय.

बाहेर आल्यावर ती सरळ मांडणीच्या खोलीत गेली. मांडणीवाले तिच्या बरोबरीनं केस पिकवलेले, पानांत चित्रं आणि मजकूर बसवणारे, दुपारचा डबा तिच्यासोबत खाणारे एकटेच. त्यांनी आकृती बघितली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग त्यांना सगळं आठवलं. डावं पान, सूर्य आकृतीच्या उजव्या टोकाला, म्हणजे शिलाईच्या बाजूला. अर्धा सूर्य शिलाईत जात होता. सूर्य शिलाईत कसा जाऊ द्यायचा? म्हणून त्यांनी आकृती उलटवली, सूर्य बाहेरच्या बाजूला मोकळा झाला, पान छान दिसायला लागलं. अक्षरं उलटी झाली ती नव्यानं बसवली. आणि तिच्याकडे पान पाठवताना चिठोरीवर लिहिलं, ‘आकृती बाजूला घेतली आहे, नावं तपासा.’ तिनं नावं तपासली. दोघांनीही आपापलं काम चोख केलं होतं, हीच तर त्यातली गंमत होती, आणि ह्या गमतीवर हसायला दोघांपैकी कुणालाही जमलं नाही. मांडणीवाल्यांची अजून तीन वर्षं नोकरी होती. ते काही मागत नव्हते, नुसते उभे होते, हात पुसायचं फडकं दोन्ही हातांत धरून. तिनं त्यांना सांगितलं की सही माझी आहे आणि तुमचं नाव कुठेही यायचं नाही. हे बोलताना तिला स्वतःचा राग आला नाही, त्यांचाही नाही. राग कुणाचा येतोय ते तिला अजून कळत नव्हतं, पण येत होता, पायांकडून वर, गरम.

गुरुवारी ती कामावर गेली आणि दिवसभर तिनं एकही पान पुढे सरकवलं नाही. खिडकीजवळचं ते टेबल, त्यावर पडणारा उन्हाचा चौकोन, ताज्या कागदाचा तो किंचित आंबूस वास, पेनं ठेवायचा टिनाचा डबा. गप्प राहिलं तर हे सगळं राहणार होतं. आणि गप्प राहायला करायचं तरी काय होतं? काहीच नाही. शुक्रवारी दुपारी गोदामाच्या वहीत दोन शब्द लिहायचे, नेहमीचे, की संपलं. चुका काय कमी असतात जगात? कुठल्यातरी गावी एखादी मुलगी संध्याकाळी पुस्तक घेऊन गच्चीवर जाईल, पान अठ्ठेचाळीस उघडेल, वर बघेल. फार तर काय होईल? चंद्र उलटा उगवलाय असं तिला वाटेल. इथे येऊन तिचा विचार अडला. कारण तसं वाटलेलं होतंच, परवा, बसथांब्यावर, अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला. कोर डोळ्यांसमोर लखलखीत होती, सूर्य बुडालेली जागा समोर होती, आणि तरी ती पुस्तकाच्या बाजूनं उभी राहिली होती, आभाळाच्या विरुद्ध. एक क्षणभर का होईना, तिनं आभाळ दुरुस्त करायला पेन काढलं होतं. तिची ही गत, तर त्या मुलीनं कुणावर विश्वास ठेवायचा? ती डोळे चोळील. आपल्यालाच नीट दिसत नाही असं समजेल, आणि कदाचित पुन्हा वर बघायची नाही. एवढी मोठी वस्तू, रोज फुकटात वर लटकलेली, आणि तिच्यावरून एका पोरीची नजर कायमची खाली वळवायची, तेही आपल्या सहीनं. तिनं पेनांचा डबा उगाचच उलटा करून पुन्हा भरला.

संध्याकाळी घरी आल्या आल्या तिनं शब्दकोश काढला. लेक अजून यायची होती. चिठ्ठी पिवळी पडली होती, पण लाल शाई तशीच होती; चांगली शाई होती ती, हल्ली तशी मिळत नाही. ती खुर्चीवर बसली आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा तिनं ती चिठ्ठी सरळ वाचली, अर्थासकट, न घाबरता. मी जात आहे. शोधू नकोस. वाट बघू नकोस. सगळं शुद्ध. आणि खाली कोपऱ्यात बरोबरची खूण आणि तिची आद्याक्षरं. ती त्या खुणेकडे बघत राहिली. ही खूण ती दिवसाला पन्नास वेळा करत होती, तिचा अर्थ कार्यालयातल्या शिपायालासुद्धा माहीत होता: तपासलं, ठीक आहे, जाऊ द्या. छापण्यास हरकत नाही. तो तिला आणि नऊ वर्षांच्या पोरीला टाकून निघाला होता, आणि तिनं त्याचे उकार सुधारून खाली लिहून दिलं होतं की हरकत नाही. आता तिला कळलं की दोन दिवस राग कुणाचा येत होता. त्याचा तर होताच. त्यानं बोलावलं होतं, हे खरं. चार वेळा, दहा वेळा बोलावलं होतं, आणि ती गेली नाही, हेही खरं, आणि त्याची जी काय बोच आहे ती तिची तिला पुरेशी आहे. पण बोलावून बघणं एक आणि मिठाच्या बरणीखाली कागद ठेवून पळणं दुसरं. एकातून दुसरं वजा जात नाही. भांडायला हवं होतं. त्याच्या शाळेच्या फाटकात जाऊन उभं राहायला हवं होतं, चार लोकांत आवाज चढवायला हवा होता, तुझ्या मुलीला चंद्र दाखवायला शिकवलंस आणि तोंड दाखवायला लाजलास का, असं विचारायला हवं होतं. तिनं त्यातलं काहीच केलं नाही. लोक म्हणाले, बाई किती शांत. तिलाही तेव्हा ते मानपत्रच वाटलं होतं.

लेक आली तेव्हा चिठ्ठी टेबलावर उघडीच होती. लेकीनं ती उभ्यानंच वाचली. त्या खुणेवरून तिनं एकदा बोट फिरवलं, आणि मग ती खुर्ची ओढून बसली. काही वेळानं तिनं विचारलं की हे तू तेव्हाच केलंस? ही म्हणाली, तेव्हाच. लेकीला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं, आणि मग दोघींनाही एकदमच दोन्ही व्हायला लागलं. हसून, रडून झाल्यावर तिनं लेकीला पुस्तकाचं सगळं सांगितलं, साहेबांचं, टेबलाचं, दोन दिवसांचं. लेक म्हणाली नाही की जाऊ दे, आणि असंही म्हणाली नाही की लढ. ती दिवसभर दुकानात विचारते तेच तिनं विचारलं, फक्त चष्मा न लावता. “आता स्पष्ट दिसतंय का, आई?”

शुक्रवारी दुपारी चारला ती गोदामाकडे निघाली तेव्हा मांडणीवाले जिन्यात आडवे आले. त्यांनी एक कागद पुढे केला. एका पानावर आठ वेळा तोच मजकूर बसवलेला होता, कापला की आठ चिठोऱ्या व्हाव्यात असा: शुद्धिपत्र, पान अठ्ठेचाळीसवरील आकृती उलटी छापली गेली आहे, योग्य आकृती अशी, आणि खाली सूर्य उजवीकडे असलेली छोटी, स्वच्छ आकृती. अगदी खाली मांडणी म्हणून त्यांनी स्वतःचं नाव घातलं होतं, बारीक टायपात, पण होतं. त्याच्यावरची ओळ तिच्या सहीसाठी मोकळी सोडलेली होती. तिनं मजकूर सरळ वाचला, मग सवयीनं उलटा वाचला, मग आकृतीकडे बघितलं, एकेक चंद्र, आठही चंद्र, बाणांची दिशा, उजेडाची बाजू. “बरोबर आहे,” ती म्हणाली, आणि मांडणीवाल्यांनी हातातल्या फडक्यानं उगाचच कपाळ पुसलं.

गोदामाच्या पटांगणात तीन ट्रक पाठ लावून उभे होते आणि हमाल सावलीला बसून शटर उघडायची वाट बघत होते. पत्र्याच्या छपराच्या वर, भर उन्हात, निळ्या आभाळात अर्ध्याला टेकलेला चंद्र होता, धुऊन फिकट पडलेल्या कापडासारखा. एवढी वर्षं तो दुपारीही असाच येऊन जात असणार आणि कुणीही त्याची दखल घेत नसणार. सूर्य उजवीकडे कलला होता आणि चंद्राची उजळ बाजू त्याच्याकडे होती. तिनं उजवा हात वर केला, तळवा वाकवला आणि एक डोळा मिटून त्यात चंद्र बसवून बघितला. बसला. एका हमालानं दुसऱ्याला ढोसलं आणि दोघांनीही वर बघितलं, मग तिसऱ्यानंही. काही वेळ सगळे वर बघत होते.

गोदामवाले आत लाकडी टेबलाशी जावकाची वही उघडून बसले होते, शटरची किल्ली वहीवर वजनासारखी ठेवून. बोलायला मोजके, कामाला पक्के, तिच्याच वेळेला नोकरीला लागलेले. वहीत शेवटचा रकाना मुद्रितशोधकाच्या शेऱ्याचा. तो भरल्याशिवाय गोदामातून पुस्तक हलवायचं नाही, असा फार जुना नियम. साहेबांच्या आधीच्याही आधीच्या साहेबांनी घालून दिलेला. तो मोडायचं कुणाला कारण पडलं नव्हतं, कारण रकान्यात कायम तेच दोन शब्द असत. पानंच्या पानं, वरपासून खालपर्यंत, तिच्या अक्षरात: हरकत नाही, हरकत नाही, हरकत नाही. गोदामवाल्यांनी वही तिच्याकडे फिरवली, आणि साहेबांचे दोन फोन येऊन गेले असंही सांगितलं. तिनं पर्सच्या बाहेरच्या कप्प्यातून पेन काढलं. टेबलाजवळची खिडकी तिच्या मनासमोर आली, तो उन्हाचा चौकोन आला, दोन दिवस आले, आणि तिनं त्यांना यायचं तेवढं येऊ दिलं. मग तिनं लिहिलं, तारीख घातली, आणि खाली आद्याक्षरं न घालता पूर्ण सही केली, आडनावासकट.

गोदामवाल्यांनी वही परत आपल्याकडे फिरवली आणि किल्ली उचलली. उभे राहता राहता ते थांबले, पुन्हा वाकले. बत्तीस वर्षांत त्यांनी ह्या बाईची एकही चूक बघितली नव्हती. त्यांनी बाहेर हमालांकडे बघून घेतलं, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून, आणि आवाज खाली आणला.

“बाई, चुकलंय. ‘नाही’च्या जागी ‘आहे’ पडलंय.”

“परत वाचा,” ती म्हणाली.

त्यांनी अक्षरांखाली बोट ठेवलं आणि पाचवीतल्या मुलासारखं, एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं वाचलं. “हरकत. आहे.”

“बरोबर वाचलंत,” ती म्हणाली.

बाहेरून एका हमालानं विचारलं, शटर उघडायचं का. गोदामवाल्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि किल्ली खिशात टाकली.